जुनी मोटार घेताय? आधी तिचा सात-बारा बघा

दारात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि जमलं तर एक चांगली चारचाकी, असं चित्र कृष्णाकाठच्या बऱ्याच घरांत दिसतं. पण चांगली गाडी पोरगा कामावर घेऊन जातो. मग म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं, पोरांना शाळेत सोडायचं, खताची चार पोती मळ्यात टाकायची, तर गाडी कुठली? अशा वेळी घरात विषय निघतो, "एखादी जुनी मारुती बघा की!" मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले. तरी नाव आधी त्यांचंच निघतं. गावातल्या मिस्त्रीला त्यांचं इंजिन पाठ असतं, हे त्याचं मुख्य कारण.

अडचण गाडीत कमी आणि कागदात जास्त असते. जमीन घेताना आपला शेतकरी सात-बारा काढतो, बोजा बघतो, फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे चकरा मारतो. तोच माणूस मोटार घेताना रंग बघतो, टायर बघतो, हॉर्न वाजवतो आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी घरी आणतो. नाव बदलायचं "बघू सुगीनंतर". मग पुढं तो तिसऱ्याला विकतो, तेच कोरे फॉर्म हातोहात फिरतात.

खरं तर आर.सी. बुक हाच गाडीचा सात-बारा. विक्री झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याला १४ दिवसांची आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११ आणि कराडची एमएच-५०. गाडी एका कार्यालयाची आणि राहणार दुसऱ्याच्या हद्दीत, असं असेल तर आधीच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. गाडीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचा दाखला घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

हे न केल्यास काय होतं, ते विकणाऱ्यानेही नीट वाचावे. उत्तरेकडील एका प्रकरणात गाडी तीन-चार हात फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याच्या नावावर नोंद, तोच मालक. भरपाई त्यानेच द्यायची. गाडी विकून दीड-दोन वर्षं होऊन गेली होती, तरी! म्हणजे पन्नास हजारांत विकलेली गाडी उद्या लाखांची नोटीस घेऊन दारात येऊ शकते. घेणाराही सुटत नाही. विमा जुन्याच नावावर राहिला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणं अवघड.

वयाचंही बघायला हवं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी १० हजार. पर्यावरण कर वेगळा, तपासणीत पास करून घेण्याचा खर्च वेगळा. चाळीस हजारांची गाडी साठीवर कशी जाते ते इथं कळतं.

दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून काही जण भुलतात. हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, त्यानंतर अशा बऱ्याच गाड्या इतर राज्यांत आल्या. गाडी चांगलीही असेल. पण तिथला दाखला, इथला कर आणि नवा नंबर धरून हिशेब मांडा.

आपल्याकडची खास धास्ती महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. त्या ओळखायच्या तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. सीटखालच्या रुळांवर गंज आणि गाडी जुनी असून सीटकव्हर मात्र करकरीत, असं दिसलं की शंका घ्यावी. पुराची गाडी आज चालते, पण वायरिंग पुढं दोन वर्षं खिसा कापत राहतं.

बघायला सकाळीच जावं, मिस्त्रीला घेऊन आणि न कळवता. इंजिन गार असताना एका सेल्फला सुरू होतं का बघा. तापवून ठेवलेलं इंजिन सगळं झाकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चेसिस नंबर स्वतः वाचून आर.सी.शी ताडा. गॅस किट असेल तर त्याची आर.सी.वर नोंद हवी, सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी हवी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या गाडीचे रबरी पाइप बदलण्याचा खर्च धरावा. आपल्याच उसाचं इथेनॉल, पण जुन्या रबराला ते मानवत नाही!

पैसे एकरकमी देऊ नयेत. काही रक्कम नाव चढेपर्यंत मागे ठेवावी आणि तसं कागदावर लिहून घ्यावं. एम-परिवहन ॲपवर नोंदणीची मुदत आणि विमा दिसतो, दंडाची थकलेली चलनेही ऑनलाइन तपासता येतात. ती विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत. व्यवहाराच्या कागदावर ताबा दिल्याची तारीख आणि वेळही लिहावी, म्हणजे त्याआधीचं चलन कुणाचं आणि नंतरचं कुणाचं यावर वाद राहत नाही.