प्लॅस्टिकवरची नदी

टेबलावर इवल्याशा सैनिकांच्या लढाया लढवण्याचा छंद युरोपात जुना आहे. १८२४ सालापासून प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ वापरात आला, आणि एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिलं. या छंदातल्या मंडळींना टेकड्या नि झाडं जमतात. अडतं ते पाण्यापाशी. रंगवलेल्या पुठ्ठ्याला पाण्याची चमक येत नाही. म्हणून ते पारदर्शक प्लॅस्टिकला शाईचा रंग देतात. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्याच्या खंदकाला किंवा भूगोलाच्या प्रतिकृतीतल्या धरणालाही ही युक्ती चालेल.

ओव्हरहेड प्रोजेक्टरची एखादी कोरी ट्रान्सपरन्सी शाळेत पडून असेल, तर तिच्यावर पेनमधली निळी शाई ब्रशने पसरून पाहा. पट्टा टिकत नाही, आक्रसून त्याचे थेंब होतात. अळवावरचं पाणीच जणू! (अळवाच्या पानाला सूक्ष्म उंचवट्यांचीही मदत असते, इथे ते नाहीत.)

पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची ओढ प्लॅस्टिकच्या ओढीपेक्षा जास्त असते. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी १९५०च्या सुमारास दाखवलं, की प्रत्येक पृष्ठभागासाठी पृष्ठताणाची एक मर्यादा असते. तिच्याहून कमी पृष्ठताणाचा द्रवच त्यावर पूर्ण पसरतो. पॉलिएस्टरसाठी ती ४३च्या आसपास, पॉलिथिनसाठी जेमतेम ३१. इथाइल अल्कोहोलचा पृष्ठताण २२ आहे. स्पिरिटच्या मार्करची शाई प्लॅस्टिकवर सरळ पसरते, ती म्हणूनच. दुधाच्या पिशव्या छापतात तेव्हा उलट वाट धरतात: शाईऐवजी पॉलिथिनच बदलतात. उच्च दाबाच्या विजेने हवेत ठिणग्या पाडल्या, की पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि त्याची ओढ वाढते.

शाई पसरली तरी प्रश्न संपत नाही. थेंब वाळताना कडेला बाष्पीभवन जास्त होतं, ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि रंगाचे कण तिथे नेऊन टाकतो. वाळलेल्या कॉफीच्या डागाला गडद कड येते, तिचं हे स्पष्टीकरण रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दिलं. आपल्या नदीला हे फार अडचणीचं, कारण खरी नदी मध्ये खोल व गडद आणि काठाला उथळ व फिकी! आम्हांला त्यातल्या त्यात स्पंज बरा वाटला. स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत पातळ थर द्यावेत आणि मधल्या भागात थर वाढवावेत. स्पिरिट पेटतं, तेव्हा जवळ ज्योत नको.

शाई नखाने खरवडून निघते. पॉलिश पेपरने प्लॅस्टिक घासलं तर ती घट्ट बसते, पण मग प्लॅस्टिक धुरकट होतं. हे टाळायचं तर फक्त मागची बाजू घासावी आणि तिथेच रंग द्यावा. वरची गुळगुळीत बाजू पाण्याचं काम करते. धुरकटपणा येतो तो ओरखड्यांतल्या हवेमुळे. हवेचा अपवर्तनांक १, प्लॅस्टिकचा दीडच्या आसपास. या फरकाने प्रकाश विखुरतो. वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या पांढऱ्या गोंदाचा अपवर्तनांकही दीडच्या जवळ असतो. त्याचा पातळ थर मागे दिला, की ओरखडे भरतात आणि धुरकटपणा बराचसा जातो. हा गोंद पाण्यातला असल्याने खालची स्पिरिटची शाई फारशी विरघळत नाही. स्पिरिटचं पॉलिश मात्र तीच शाई फिसकटवतं.

शाईची निवडही महत्त्वाची. विरघळणारा रंग काचेसारखा स्वच्छ दिसतो, तर न विरघळणाऱ्या कणांचा रंग थोडा गढूळ. पावसाळ्यातल्या नदीला तो दुसराच शोभेल! पण विरघळणारे रंग उन्हात लवकर विटतात. दोन्ही शाईंच्या पट्ट्यांचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून त्या वर्गाच्या खिडकीत महिनाभर लावून ठेवाव्यात, आणि दर आठवड्याला मुलांनी उघड्या व झाकलेल्या भागांची तुलना वहीत नोंदवावी.