मृगाची आशा आणि गोणपाटांतील दाणे

मृग नक्षत्र लागलें कीं शेतकऱ्याच्या मनाची जी स्थिति होते, ती इतर धंद्यांतील लोकांस समजावून सांगणें कठीण आहे. दुकानदार गिऱ्हाईक पाहून माल भरतो. शेतकरी मात्र घरांतील बीं, उसनवारीचा पैसा आणि बैलांची व स्वतःची मेहनत एका आठवड्यांत मातींत घालतो व मग वर पाहत बसतो. या वर पाहण्यासच पुष्कळ लोक आशा म्हणतात. आमच्या मतें ती आशेची फार अशक्त जात आहे, व केवळ तिच्यावर विसंबणारा मनुष्य आर्द्रा संपेपर्यंत खचून जातो.

उमेद जाते ती मोठ्या संकटानेंच जाते असें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें खडी फोडण्यास व बांध घालण्यास गेलीं, आणि त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. संकट सर्वांचें असलें म्हणजे तें चारचौघांत बोलतां येतें. रोजच्या व्यवहारांतील लहान आघात मात्र ज्याचे त्यासच सोसावे लागतात. पेरलेल्या ओळींत हात हात जागा मोकळी राहते. बाजारांतून आलेल्या पट्टींत हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा जातां हातीं कांहीं उरत नाहीं. शेजाऱ्याचें हिरवें रान पाहून आपल्या बांधावर पाऊल ठेवण्याचा कंटाळा येऊं लागतो. मनुष्य खचला कीं नाहीं, हें त्याच्या बोलण्यावरून आम्ही ठरवीत नाहीं. सकाळची शेतावरची फेरी त्यानें टाकली असेल, तर काळजी करावी.

या लहान आघातांत दुबार पेरणीचा आघात सर्वांत वाईट. २०१४ सालीं जून महिन्यांत देशांतील पाऊस सरासरीहून सुमारें ४२ टक्के कमी झाला व महाराष्ट्रांत पेरण्या जुलैपर्यंत लांबल्या. ज्यांनीं पहिल्या सरीवर तिफण धरली, त्यांतील अनेकांचें बीं मातींतच गेलें. अशा शेतकऱ्यास उतावळा म्हणणें सोपें आहे. पण भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी हातची जाते, मूग-उडीद वेळेवर न पेरल्यास साधत नाहींत, शेजाऱ्यानें पेरलें म्हणजे घरांतील माणसेंही टोचूं लागतात; हीं कारणें खोटीं नाहींत.

तरीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, हा कृषिखात्याचा सल्ला पाळावा. एवढा पाऊस आपल्या शेतांत झाला कीं नाहीं, हें तालुक्याच्या आंकड्यावरून कळत नाहीं. एका शिवारांत पडतो तो दुसऱ्यांत पडत नाहीं. यास उपाय साधा आहे. सरळ उभ्या बाजूंचा एक पत्र्याचा डबा झाडापासून दूर उघड्यावर पक्का बसवावा, रोज सकाळीं ठराविक वेळीं त्यांतील पाण्याची खोली पट्टीनें मोजून वहींत लिहावी व पाणी ओतून टाकावें. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. शिवाय खुरप्यानें उकरून ओल वीतभर खाली गेली कीं नाहीं तेंही पाहावें. वहींतील बेरीज रोज थोडी थोडी वाढतांना पाहणाऱ्या माणसाचें थांबणें आणि नुसतें हात बांधून बसणाऱ्याचें थांबणें यांत मोठें अंतर आहे.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सोयाबीनच्या दाण्याचें टरफल फार पातळ असून कोंब टरफलालगतच असतो. म्हणून मळणींत जोराचा मार बसला, पोतीं आदळलीं, किंवा थप्पी फार उंच रचली कीं दाणा वरून धड दिसूनही आंतून मेलेला असतो. हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस निरनिराळ्या पोत्यांतून मूठ मूठ बीं काढून त्यांतील शंभर दाणे न निवडतां मोजावे, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळींत मांडावे, वर दुसरें ओलें गोणपाट घालून गुंडाळी सावलींत ठेवावी व पाणी शिंपीत राहावें. पांच ते सात दिवसांनीं सोडून निरोगी कोंब मोजावे. सत्तर निघाले तर नेहमीच्या मानानें पेरावें. साठच निघाले, तर एकरीं ३० किलोऐवजीं ३५ किलो धरावें. त्याहून फारच कमी निघाले, तर तें बीं पेरूं नये. अजून दुसरें मिळविण्यास वेळ असतो. (हें मोजण्याचें काम घरांतील बायकांस सांगावें, पुरुषांचा हात नकळत चांगल्या दाण्याकडे वळतो, असा आमचा अनुभव आहे.)

२०२० च्या खरिपांत मराठवाडा व विदर्भांतून सोयाबीन न उगवल्याच्या फार तक्रारी आल्या. ज्यानें दाणे मोजून पेरले होते, त्यास दोष कोठें शोधावा हें निदान समजलें. ज्यानें मोजले नव्हते, त्यास बीं वाईट, पाऊस वाईट, कीं आपलें नशीबच वाईट, हें कळेना. आणि असा मनुष्य बहुधा नशिबावरच येऊन थांबतो. विकत बियाण्याची पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी, पावती व मूठभर बीं जपून ठेवावें तें याचसाठीं.

पाऊस लांबलाच, तर मूग-उडिदाचा विचार जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर सोडावा. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत चालतें. त्यापुढें तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळावें. ही यादी आधींच लिहून भिंतीस लावलेली असावी. संकटांत सुचत नाहीं.

एवढें करूनही पाऊस येईलच किंवा भाव मिळेलच असें नाहीं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हां नीट पेरलेलीं पिकेंही माना टाकूं लागलीं. दाणे मोजून कर्ज फिटत नाहीं. म्हणून ज्या घरांत कर्ता पुरुष जेवणावरून उठूं लागला, कोणाशीं बोलेना, शेताकडे जाईना, तेथें उपदेश करूं नये. शेजाऱ्यानें त्यास हाक मारून बरोबर रानांत न्यावें. देण्याचा आंकडा कागदावर मांडण्यास सोसायटीच्या एखाद्या समजूतदार सभासदानें त्याच्याजवळ बसावें. आणि फवारणीचें औषध घरांत उघडें न ठेवतां कुलपांत ठेवावें. किल्ली घरांतील दुसऱ्या माणसाच्या कमरेस असावी.