पडद्यापलीकडचा समुपदेशक

मनाची कैफियत एखाद्या परक्या इसमापुढे मांडावयाची, आणि तीही समोरासमोर न बसता मोबाइलच्या वीतभर पडद्यावर, ही कल्पना आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही अद्याप चमत्कारिक वाटते. आणि चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींभोवती गैरसमज लवकर गोळा होत असल्यामुळे, ऑनलाइन समुपदेशनाविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे तपासून पाहण्याजोगे आहे.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागल्याची कबुली, हा सर्वांत जुना समज. परीक्षेची धास्ती, संसारातील बेबनाव किंवा आप्ताचा वियोग घेऊन येणाऱ्यांना तो लागू पडत नाही, एवढे म्हटले की पुरे. त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे समुपदेशक गोळ्या देतो हा समज. औषधांची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा, कारण तो मुळात डॉक्टर असतो; समुपदेशक संवादाच्या साधनाने काम करतो, आणि ‘असे करा’ असा हुकूम सहसा सोडत नाही. वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने आधीच गांजलेल्या माणसाला ‘समुपदेशन’ ह्या शब्दातील ‘उपदेशा’चाच धसका बसतो, हा दोष शब्दाचा आहे, व्यवसायाचा नव्हे.

समोर देह नाही म्हणून गुण येणार नाही, हा आक्षेप अधिक विचारणीय. परंतु दूरस्थ उपचारांची वहिवाट इंटरनेटहून पुष्कळ जुनी आहे: फ्रॉइडने 1909 साली प्रसिद्ध केलेला, घोड्यांना भिणाऱ्या लहानग्या ‘हान्स’चा वृत्तांत मुख्यत्वे मुलाच्या वडिलांनी कळवलेल्या टिपणांवर आधारलेला आहे. अलीकडे स्वीडनमधील गेरहार्ड अँडरसन, पेर कार्लब्रिंग आदी संशोधकांनी केलेल्या तुलनेत, चिंता आणि नैराश्य ह्यांवर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली इंटरनेटवरून दिलेल्या वर्तनोपचाराचा परिणाम प्रत्यक्ष भेटीतल्या उपचाराच्या बरोबरीचा आढळला. ह्याचा अर्थ सर्वच व्याधी पडद्यावर निभावतात असा मात्र नव्हे. जेथे वास्तवाचे भान सुटले आहे, जिवाला तातडीचा धोका आहे, अथवा छळ करणारा माणूस त्याच घरात कान देऊन बसला आहे, तेथे केवळ पडद्यावर विसंबणे गैर होय.

गुप्ततेविषयीची शंका मात्र भित्रेपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले असून, कलम 24 ने ते डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू केले आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश, असे मोजके अपवाद तेवढे ठेवले आहेत. तथापि समुपदेशकाने मौन पाळले म्हणून ज्या ॲपवर तो बसला आहे ते ॲपही मौन पाळील, अशी खातरजमा आपोआप होत नाही. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातदारांपर्यंत पोहोचवल्याच्या आरोपावरून ‘बेटरहेल्प’ ह्या अमेरिकन कंपनीला 2023 मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनबरोबर 78 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणून गोपनीयतेच्या अटींचा तो कंटाळवाणा दस्तऐवज, जो आपण एरवी न वाचताच ‘मान्य’ करून मोकळे होतो, तो निदान ह्या एका बाबतीत वाचावा.

माझ्या मते, आपला सारा संशय पडद्यावर खर्ची पडतो आणि पडद्यामागच्या व्यक्तीची चौकशी करायची राहून जाते. नावापुढे ‘कौन्सेलर’ लिहिलेले दिसले की सनद आहेच, असे आपण गृहीत धरतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. समुपदेशकांच्या काही वर्गांना 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या कायद्याने आपल्या कक्षेत घेतले. पण चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेल्यांची वाण नाही. शिक्षण कोणते, कोठे झाले, नोंदणी असल्यास क्रमांक काय, हे पहिल्याच बैठकीत विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही, आणि ह्या प्रश्नांनी जो रागावतो त्याने उत्तर देऊनच टाकले असे समजावे.

ही श्रीमंतांची, इंग्रजी बोलणाऱ्यांची चैन आहे, असेही ऐकू येते. खाजगी समुपदेशकांची फी अनेकांना जड जाते हे खरे; परंतु 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ ह्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येते.

अडचण उरते ती जागेची. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तेथे मोकळेपणाने रडायला कोपरा कोठला? कोणी गच्ची गाठतो, कोणी उभ्या केलेल्या मोटारीत काचा वर करून बसतो. अशा वेळी जाणता समुपदेशक आरंभीच विचारतो की, आपण आत्ता कोठे आहात, जवळ कोणी आहे काय, आणि प्रसंग पडल्यास कोणाला फोन करावा. पुष्कळांना हा भोचकपणा वाटतो. परंतु शेकडो मैलांवरून ज्याला धावत येता येणार नाही, त्याला मदत नेमकी कोणत्या दारी पाठवायची हे ठाऊक असावेच लागते.