गाजर गवत : पाच बियांच्या फुलाचा पसारा

पार्थेनियम ही सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि करडई ज्या कुळात मोडतात त्या ॲस्टरेसी कुळातील एक प्रजाती. तिच्यात सुमारे १६ जाती असून त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली या प्रजातीची शास्त्रीय नोंद केली. सोळांपैकी बहुतेक जाती आपापल्या माळरानांत आणि वाळवंटी पट्ट्यांत राहिल्या. माणसाशी त्यांचा फारसा संबंध आला नाही. दोन जातींचा मात्र आला, आणि तो अगदी उलट्या कारणांनी.

पहिली जाती म्हणजे ग्वायूल. उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या या राखाडी झुडपाच्या खोडात व मुळांत रबर साठते. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले, तेव्हा अमेरिकेने १९४२ मध्ये ग्वायूलच्या लागवडीचा मोठा सरकारी प्रकल्प हाती घेतला होता. युद्ध संपले, कृत्रिम रबर स्वस्त झाले आणि तो गुंडाळला गेला. अलीकडे ग्वायूलकडे पुन्हा लक्ष वळले आहे. नेहमीच्या रबराच्या चिकातील प्रथिनांमुळे काहींना हातमोज्यांची ॲलर्जी होते. ती प्रथिने ग्वायूलच्या चिकात नसतात. टायर बनवण्यासाठीही त्याचे प्रयोग झाले आहेत.

दुसरी जाती पार्थेनियम हिस्टेरोफोरस. महाराष्ट्रात तिला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. चटकचांदणी हेही तिचे एक नाव. नावात गवत असले तरी गवताच्या कुळाशी तिचे काही नाते नाही. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली दिसतात, एवढ्यावरून ते नाव पडले. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांत तिची गणना होते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३५० लाख हेक्टर जमिनीवर तिचा प्रादुर्भाव आहे.

रचना आणि वाढ

गाजर गवत ही वर्षायू वनस्पती आहे. बी रुजल्यावर सुरुवातीला पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि आजूबाजूच्या लहान रोपांवर सावली धरतात. सोटमूळ खोल गेले की मधून ताठ, उभ्या रेषांचे खोड वर येते आणि वरच्या बाजूला त्याला भरपूर फांद्या फुटतात. झाड साधारण एक मीटर, ओलावा मिळाला तर दोन मीटरपर्यंत वाढते. खोड आणि पाने बारीक लवीने भरलेली असतात.

फांद्यांच्या टोकांना येणारी चार-पाच मिलिमीटरची पांढरी ‘फुले’ ही खरी एकेकटी फुले नसतात. सूर्यफुलाप्रमाणेच तो अनेक पुष्पकांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. हाताच्या भिंगातून पाहिले तर कडेला नेमकी पाच किरणपुष्पके दिसतात; ती मादी असतात. मधली अनेक बिंबपुष्पके परागकण देतात, पण त्यांना फळ धरत नाही. त्यामुळे एका स्तबकातून पाचच बिया मिळतात. काळसर, दीड-दोन मिलिमीटर लांबीच्या प्रत्येक बीला दोन वांझ पुष्पके चिकटून राहतात. ती बीला हलकेपणा देतात, त्यामुळे बी पाण्यावर तरंगते आणि वाऱ्याच्या झोतानेही सरकते.

पाच हा आकडा किरकोळ वाटतो. पण एका चांगल्या वाढलेल्या झाडावर असे तीन ते पाच हजार स्तबक येतात. म्हणजे एका झाडाच्या बिया १५ ते २५ हजारांच्या घरात जातात, आणि पोषक जागी त्याहून कितीतरी अधिक. उगवणीनंतर चार ते सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. फुलण्यासाठी दिवस लहान की मोठा याची अट नाही. ओलावा असेल तर वर्षभरात तीन-चार पिढ्या होऊ शकतात.

बियांचे आयुष्य त्या कुठे पडतात यावर ठरते. जमिनीच्या वरच पडलेल्या बिया काही महिन्यांत निकामी होतात. मातीत गाडल्या गेलेल्या मात्र टिकतात. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दोन वर्षे पुरून ठेवलेल्या बियांपैकी ७० टक्क्यांहून अधिक बिया जिवंत आढळल्या. एका हंगामात रान स्वच्छ केले तरी पुढच्या पावसात तण पुन्हा उगवते ते यामुळे.

पुण्यातली नोंद

भारतात या तणाकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्यात. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथल्या उकिरड्यांवर त्याची तुरळक रोपे दिसली. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातल्या काही विखुरलेल्या नोंदी पुढे उजेडात आल्या. पण देशभर पसरलेल्या लाटेचा माग पुण्यापासूनच घेतला जातो.

अमेरिकेतून पी. एल. ४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, असा सार्वत्रिक समज आहे. तारखा मात्र त्याला पूर्ण साथ देत नाहीत. या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आणि पुण्यातली रोपे त्याआधीची. तथापि १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला मोठ्या प्रमाणावर धान्य कर्जाऊ दिले होते. त्यामुळे धान्यातून बी आले असण्याची शक्यता उरते. योजनेचे नाव तेवढे नंतर चिकटले असावे.

पुढे त्याला कोणाच्या मदतीची गरज राहिली नाही. १९६०च्या दशकात ते जम्मू-काश्मीरमध्ये नोंदले गेले आणि १९७०च्या दशकाअखेर केरळपर्यंत पोहोचले. ट्रकच्या चाकांना लागलेला चिखल, रेल्वेमार्गालगतची खडी, बांधकामाची वाळू आणि मुरूम, कडब्याच्या पेंढ्या, अर्धवट कुजलेले शेणखत, कालव्याचे पाणी अशा प्रत्येक वाटेने बी फिरले. रस्ता रुंद झाला, वसाहतीसाठी जमीन सपाट केली किंवा गायरानातले गवत अतिचराईने संपले, की मोकळ्या झालेल्या मातीवर ते सर्वांआधी उगवते. शिवाय मूळ प्रदेशात त्याला खाणारे कीटक आणि तांबेऱ्यासारखे रोग मागेच राहिले होते.

हीच कथा इतर देशांतही घडली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हे तण १९५०च्या दशकात दिसले आणि तिथल्या चराऊ कुरणांचे मोठे नुकसान झाले. इथिओपियात ते अन्नमदतीच्या धान्याबरोबर आणि श्रीलंकेत १९८०च्या दशकात भारतीय शांतिसेनेच्या रसदीबरोबर गेले असावे, असे मानले जाते.

त्वचा, श्वास आणि दूध

गाजर गवताचे मुख्य हत्यार रासायनिक आहे. पाने, खोड आणि फुले यांवरच्या लवीत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. ते आणि काही फिनॉलिक आम्ले मुळांतून व कुजणाऱ्या पाल्यातून मातीत उतरतात आणि शेजारच्या वनस्पतींची उगवण व वाढ रोखतात. चरणाऱ्या जनावरांपासूनही याच कडवटपणामुळे झाडाचा बचाव होतो.

माणसाला त्रास होतो तोही प्रामुख्याने पार्थेनिनमुळे. वारंवार संपर्क आला की काहींच्या शरीरात त्याची ॲलर्जी तयार होते, आणि त्यानंतर झाडाला हात लावण्याचीही गरज उरत नाही. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म तुकडे हवेतून येतात आणि कपाळ, पापण्या, मान, कोपराच्या खोबणी अशा जागी त्वचा लाल होते, खाजते, पुढे जाड आणि काळवंडलेली होते. उन्हामुळे येणाऱ्या पुरळापासून हा विकार ओळखण्याची एक खूण आहे. उन्हाच्या पुरळात वरच्या पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची त्वचा सावलीत असल्याने सहसा वाचते. गाजर गवताच्या ॲलर्जीत त्याच जागा बाधतात. निदान पट्टी चाचणीने पक्के करतात. पुण्यातील अशा रुग्णांवरचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. परागकणांमुळे शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे आणि काहींना दमा होतो. एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जात नाही, म्हणून संपर्क टाळणे हाच उपचाराचा मुख्य भाग ठरतो.

जनावरे हे तण आपण होऊन खात नाहीत. चाराटंचाईत किंवा कापलेल्या चाऱ्यात मिसळून ते पोटात गेले तर तोंडात व आतड्यात व्रण होतात, कातडीवर चट्टे उठतात. ते जास्त प्रमाणात गेले तर जनावर दगावू शकते. थोड्या प्रमाणातही दुधाला कडवट चव येते.

पिकांवरचे परिणाम

पूर्वी हे तण पडीक जमिनीचे मानले जात असे. आता ते ज्वारी, सोयाबीन, भाजीपाला आणि फळबागांतही शिरले आहे. काही पिकांत त्याच्यामुळे ४० टक्क्यांपर्यंत उत्पादन घटल्याच्या नोंदी आहेत. चराऊ कुरणांत ही घट ९० टक्क्यांपर्यंत गेलेली आहे. टोमॅटो, वांगी, घेवडा यांच्या फुलांवर त्याचे पराग साचले तर फळधारणाही कमी होते.

याहून छुपे नुकसान रोगांच्या वाटेने होते. १९९७ मध्ये कर्नाटकात सूर्यफुलावर आणि २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर टोबॅको स्ट्रीक विषाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. शेंडे करपून झाडेच मरू लागली. तपासात असे दिसले की, हा विषाणू गाजर गवतात काही लक्षणे न दाखवता राहतो, त्याच्या परागांतून बाहेर पडतो, आणि फुलकिडे पिकाची पाने खरवडतात त्या जखमांतून आत शिरतो. कपाशीवरील पिठ्या ढेकणालाही पीक नसताना याच झाडावर आसरा मिळतो. बांधावरचे गाजर गवत असे शेतातल्या रोगाचे कोठार बनते.

नियंत्रणाचे मार्ग

या तणावर एकच रामबाण उपाय नाही, पण प्रत्येक उपायाचे गणित वेळेवर ठरते. फूल येण्याआधी उपटलेले झाड म्हणजे हजारो बिया टाळणे; फुलल्यावर उपटलेले झाड हाताळताना बी सांडते आणि परागही उडतात. पावसानंतर जमीन वाफशावर असताना सोटमूळ सहज निघते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर मास्क आवश्यक आहे. नुसते विळ्याने कापले तर बुंध्यापासून पुन्हा फांद्या फुटतात.

पडीक जागी १५ ते २० टक्के मिठाचे द्रावण फवारल्यास झाडे करपतात; पण मीठ मातीत साठते म्हणून शेतात ते वापरत नाहीत. ग्लायफोसेट, मेट्रिब्युझिन, २,४-डी ही तणनाशके परिणामकारक आहेत, मात्र कोणते कुठे चालेल हे शेजारच्या पिकावर अवलंबून असते.

जैविक नियंत्रणात सर्वाधिक यश मिळाले ते मेक्सिकन भुंग्याला, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा या किडीला. सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा भुंगा १९८३ मध्ये बंगळूरला आणून, चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. अळ्या कोवळे शेंडे आणि भुंगे पाने खातात. संख्या पुरेशी वाढली तर झाडांचे नुसते काटक्यांसारखे सांगाडे उरतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसल्याने शेतकऱ्यांत घबराट पसरली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. प्रयोगांतून कारण कळले : सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग साचले होते आणि त्यांच्या ओढीने भुंगे ती पाने कुरतडत होते. सूर्यफुलावर त्याची वीण टिकत नाही. या भुंग्याची मर्यादा वेगळी आहे. तो पावसाळ्यातच जोमात असतो आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत मातीत सुप्त पडून राहतो, तर ओल मिळालेले गाजर गवत त्या काळातही वाढते. ऑस्ट्रेलियात उपयोगी पडलेला खोडात गाठी करणारा पतंग भारतात मात्र सोडला गेला नाही, कारण तो कारळ्याच्या पिकावरही वाढतो असे चाचणीत आढळले.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे जागा रिकामी न ठेवणे. पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी विखुरले तर त्याची दाट रोपे गाजर गवताला वर येऊ देत नाहीत. बांधाच्या कडेला झेंडूही लावतात. उपटलेल्या, फूल न आलेल्या झाडांचे खड्ड्यात किंवा नाडेप टाक्यात चांगले कंपोस्ट होते. फुललेली झाडे त्यात घातली आणि ढीग पुरेसा तापला नाही, तर मात्र खताबरोबर बी थेट शेतात जाते.

एकट्या शेतकऱ्याच्या प्रयत्नांना मर्यादा पडते ती इथे. शेत स्वच्छ ठेवले तरी रस्त्याची कड, गायरान, कालव्याचा भराव, शाळेमागचे मोकळे मैदान आणि न विकलेले भूखंड येथून बी येतच राहते. म्हणून जबलपूरचे संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात देशभर जनजागृती सप्ताह घेते. पहिल्या पावसातली रोपे तोवर उंच झालेली असतात आणि जमीन ओली असते. नंतरच्या सरींबरोबर जमिनीतले जुने बी टप्प्याटप्प्याने उगवते. त्यामुळे ग्रामपंचायत, शाळा आणि शेतकरी गटांनी सामायिक जागांवर तीच मोहीम हंगामात पुन्हा घ्यावी लागते, आणि नवे बी पडू न देता ती सलग काही वर्षे चालवली तर जमिनीतला साठा ओसरतो.