थॅलेसेमिया : ‘भंगार’ डीएनएत सापडलेला इलाज

शिरूर असो वा दौंड, ज्या घरात थॅलेसेमिया मेजरचे मूल आहे, त्या घराचा महिना रक्ताच्या पिशवीवर मोजला जातो. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचे आणि त्यातून शरीरात साचणारे लोह औषधाने काढायचे, तेही जन्मभर. म्हणून या आजारावरचा नवा इलाज आपण समजून घ्यायला हवा.

आपल्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात. प्रथिने बनवण्याची कृती त्यातल्या जेमतेम २ टक्के भागात आहे. उरलेल्याला बरीच वर्षे ‘जंक’, म्हणजे भंगार, म्हणत. पण भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा दोष याच प्रकारच्या भागात आहे. तिथे एकच अक्षर बदलते आणि हिमोग्लोबिन पुरेसे बनत नाही.

इलाजही अशाच भागातून आला. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ‘बीसीएल११ए’ हे जनुक ते जवळपास बंद करते. हे जनुक मेंदूलाही लागते, म्हणून ते मोडता येत नाही. मात्र २०१३ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, रक्तपेशींपुरते त्याचे बटण ‘भंगार’ भागात आहे. क्रिस्परच्या कात्रीने तेवढेच बटण कापले की बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात प्रथम मंजुरी दिली.

त्यासाठी रुग्णाच्याच मूळपेशी काढून, दुरुस्त करून परत देतात. त्याआधी कडक केमोथेरपी सोसावी लागते. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्याकडेही प्रयत्न चालू आहेत. सिकलसेलसाठीचे ‘बिरसा १०१’ हे स्वदेशी क्रिस्पर तंत्र २०२५ मध्ये जाहीर झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले.

तोवर आपल्या हातात काय आहे? आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. आपल्यात चुलत, मामे, मावस नात्यांत निकाह होतात. एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडून येण्याचा धोका तिथे वाढतो. म्हणून मंगनीआधी मुलगा-मुलगी दोघांची ‘एचबी ए२’ रक्ततपासणी करून घेऊ या. यात कुणाच्या खानदानाला बट्टा लागत नाही. निकाह झालेला असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे.