भाकिताच्या बाजाराची ओळख

आमच्या संघाचे एक सभासद गेल्या पंधरवड्यांत एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस आहेत. उद्यां तापमान किती होईल, अशा गोष्टींवरील करार आपण मोबाइलवर विकत घेऊं लागलों आहों, असें त्यांनीं वडिलांस कळविलें. वडिलांचा प्रश्न एवढाच कीं, यास व्यापार म्हणावें कीं सट्टा? पुष्कळ सभासदांचीं मुलें परदेशीं असल्यामुळें या बाजाराची रीत येथें देत आहों.

ज्यांस आणेवारी ठाऊक आहे, त्यांस हा बाजार समजण्यास अडचण पडूं नये. पीक उभें असतां नजर आणेवारी ठरते. तो अंदाज असतो. पुढें कापणीचे प्रयोग होऊन अंतिम आंकडा निघतो. येथेंही तसेंच आहे. मात्र अंदाज समिती ठरवीत नाहीं, घेणारा व विकणारा यांच्या भावांतून तो निघतो. 'न्यूयॉर्कचें उद्यांचें कमाल तापमान अमुक अंशांहून अधिक होईल' असा करार असतो. तसें झाल्यास 'होय'वाल्यास १ डॉलर मिळतो, न झाल्यास कांहींच नाहीं. भाव ६२ सेंट असेल, तर बाजाराच्या मतें शंभरांत ६२ इतका संभव आहे. असे १०० करार घेतल्यास ६२ डॉलर गुंततात. अंदाज खरा ठरला तर ३८ डॉलर लाभ, खोटा ठरला तर ६२ डॉलर बुडाले. दलालीचें शुल्क निराळें.

नवशिक्यानें भाव पाहण्याआधीं निकालाचा नियम वाचावा. कोणत्या कागदावरून निकाल होणार, हेंच मुख्य होय. कालशी नांवाच्या बाजारांत न्यूयॉर्कच्या तापमानाचा निकाल तेथील राष्ट्रीय हवामान खात्याच्या दैनिक अहवालावरून, सेंट्रल पार्कांतील नोंद धरून, होतो. हा अहवाल प्रमाण वेळेनें चालतो. उन्हाळ्यांत तेथें घड्याळें एक तास पुढें करतात, त्यामुळें अहवालाचा दिवस घड्याळांतील रात्रीं एकास सुरू होऊन दुसऱ्या रात्रीं एकास संपतो. दुसऱ्याच ठिकाणचा आंकडा मोबाइलवर पाहून पैसे लावणारा येथें फसतो. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. नोकरींत असतां मंडळाच्या गांवीं पर्जन्यमापक भरला आणि तीन कोसांवरील शिवार कोरडें राहिलें, असें आम्हीं अनेकदां पाहिलें. शेतकरी कोरडी ढेकळें दाखवीत. आम्ही मात्र नोंदवहींतला आंकडाच वर पाठवीत असूं. ती गोष्ट आजही मनांतून जात नाहीं.

दुसरी गोष्ट घेण्याच्या व विकण्याच्या भावांतील अंतराची. घेतांना ६२ व लगेच विकतांना ५८ सेंट असा भाव असेल, तर कांहीं न घडतांच ४ सेंट गेले. ज्या करारांत गिऱ्हाईक थोडें, त्यांत हें अंतर मोठें असतें. म्हणून आपला भाव आधीं नेमून त्याच भावास मागणी लावून ठेवावी. समोर दिसेल त्या भावास उडी घालूं नये.

हा बाजार अगदींच नवा नव्हे. आयोवा विद्यापीठानें १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं अभ्यासाकरितां असाच बाजार उघडला व एका माणसाच्या रकमेस ५०० डॉलरची मर्यादा घातली. ही मर्यादा आम्हांस फार शहाणपणाची वाटते. पुढें २०१६ सालीं अशा बाजारांत हिलरी क्लिंटन यांचा भाव वरचढ होता व त्या हरल्या. शंभरांत ८० संभव म्हणजे पांचांतून एकदां उलटें घडावयाचेंच. कालशीस तेथील केंद्रीय वायदे आयोगानें २०२० मध्यें मान्यता दिली. तरी २०२५ मध्यें कांहीं राज्यांनीं निदान खेळांच्या सामन्यांवरील करार हा जुगारच होय, असें म्हणून हरकत घेतली. सभासदांच्या प्रश्नावर खुद्द अमेरिकेंतच तंटा आहे तो असा.

आपल्याकडे पावसाचा सट्टा जुना आहे. बंगाल्यांत त्यावर १८९७ सालीं कायदा करावा लागला. अलीकडे मोबाइलवरील 'मत-व्यापारा'विषयीं सेबीनें एप्रिल २०२५ मध्यें इशारा दिला कीं, हा आपल्या अधिकारांतील व्यवहार नसून त्यांत गुंतवणूकदारांस संरक्षण नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. त्यांत कौशल्याचा व नशिबाचा असा भेद ठेविला नाहीं. आमच्या गांवांतील एका तरुणानें त्याआधींच ठिबकच्या नळ्यांसाठीं ठेविलेली रक्कम क्रिकेटवरील अशा करारांत घालविली. त्याची केळी त्या उन्हाळ्यांत पाटाच्या पाळीवर राहिली. तेव्हां येथें कोणीं हा उद्योग आरंभूं नये.

वहीवर मात्र शिकण्यास हरकत नाहीं. अमेरिकन हवामान खात्यांतील ब्रायर यांनीं १९५० मध्यें अंदाज तपासण्याची रीत दिली. तिचें साधें रूप असें: 'उद्यां पाऊस' याचा संभव ०.७० लिहिला व पाऊस पडला, तर चूक ०.३०, तिचा वर्ग ०.०९, न पडला तर ०.७० चा वर्ग ०.४९. सर्वांची सरासरी काढावी. नेहमीं अर्धाअर्धा म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, तिच्याहून कमी आली तरच आपणांस कांहीं कळतें. आम्हीं गेल्या पावसाळ्यांत चाळीस दिवस अशी वही ठेविली. सरासरी ०.२९ आली.

ती वही आम्हीं सभासदांच्या हातीं दिली व चिरंजीवांनीं तीन महिने तशीच ठेवून मग पैशास हात लावावा, असें पत्र लिहविलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.