लहान मुलांचे लहान सण: दिव्याची अवस ते शून्य सावली

आजचा भाग आहे तीन ते सात वर्षांचं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी. ज्यांना ऐकायला सवड मिळाली नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय, बोलताना झालेली पाल्हाळ जरा छाटून.

विषय आहे छोटे सण. गणपती-दिवाळीत मुलांना मजा येते, त्यात वाद नाही. पण जरा आठवून बघा, त्या दिवसांत आपण मुलांना सगळ्यात जास्त वेळा काय म्हणतो? "हात लावू नकोस." "आधी नैवेद्य होऊ दे." "आत्ता नको, पाहुणे येतायत." मोठ्या सणात मोठ्यांना कामं फार, आणि पोर आपलं नव्या कपड्यांत नुसतं बघत उभं. याउलट कॅलेंडरवर बारीक अक्षरांत छापलेले जे दिवस असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. पाहुणे नाहीत, फराळ नाही, लोक काय म्हणतील ही धास्ती नाही. अशा दिवशी चार वर्षांच्या मुलाच्या हातात खरंखुरं काम देता येतं. माझा नियम एवढाच: एक काम मुलाचं, एक खाऊ, आणि तासाभरात कार्यक्रम संपला पाहिजे. तासाच्या पुढे ती पण कंटाळतात आणि आपण पण.

माझा सगळ्यात लाडका दिवस म्हणजे दिव्याची अवस, आषाढातली अमावस्या. जुलै-ऑगस्टमध्ये येते. हल्ली या दिवसाला 'गटारी' हे दुसरंच नाव चिकटलंय, काय बोलायचं! मूळचा हा दिव्यांचा दिवस. श्रावण लागायच्या आधी घरातल्या समया, निरांजनं, असेल तर जुना कंदील, सगळं काढून घासायचं आणि संध्याकाळी पाटावर मांडून पूजा करायची. यातलं घासायचं काम मुलांचं. पावडर वगैरे नको, भिजवलेली चिंच द्या. हाताला सोसते आणि चुकून तोंडात गेली तरी काळजी नाही. काळपट निरांजनावर चिंच चोळली की पिवळंधमक पितळ वर येतं. "असं का झालं?" हा प्रश्न येणारच, तर उत्तर तयार ठेवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. हवेमुळे त्यावर काळपट थर चढतो, आणि चिंचेतलं आंबट आम्ल तो थर विरघळवतं. मग मुलं घरभर आणखी काय काळं पडलंय ते शोधत फिरतात. फिरू द्या.

खाऊ म्हणजे कणकेचे गोड दिवे. एक वाटी कणीक, अर्धी वाटी गूळ. गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कणकेत चमचाभर तूप घाला आणि घट्ट भिजवा. गोळे करायचे, अंगठा दाबून खळगा करायचा, पंधराएक मिनिटं मोदकांसारखे वाफवायचे. लहान मुलाच्या अंगठ्याचा खळगा अगदी बेताचा होतो, आपला उगाच मोठा होतो. तुपाची वात लावणं मात्र मोठ्यांनी करायचं. दिवे विझले, गार झाले, की वात काढून तूप घालून खायचे. दिवा खायचा, या एका गोष्टीवर मुलं दोन दिवस बोलतात!

दुसरा दिवस पंचांगात सापडणार नाही: शून्य सावली दिवस. आपण रोज म्हणतो की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, पण बरोब्बर डोक्यावर तो वर्षातून दोनदाच येतो, आणि तेसुद्धा कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांतच. दिल्लीकरांना हा दिवस कधीच मिळत नाही. आपल्याकडे कोल्हापूरला 6-7 मे, पुण्याला 13 मे, मुंबईला 15 मे, नागपूरला 26 मे, या तारखांच्या आसपास. वेळ ठोक बाराची नाही, बरं का. पुण्या-मुंबईत साडेबाराच्या पुढेमागे, नागपुरात बारा दहाच्या सुमारास. दुसरी खेप मुंबई-पुण्याला जुलैच्या शेवटी येते, पण तेव्हा आभाळ गच्च भरलेलं असतं, म्हणून मेच धरा.

याची तयारी एप्रिलपासून केली तर खरी गंमत. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये एक सरळ उभा डबा ठेवायचा आणि दर रविवारी त्याच वेळी त्याची सावली खडूने आखायची. आखायचं काम मुलाचं. सावली दर आठवड्याला आखडत जाते आणि एक दिवस गायब होते. डबा उन्हात आहे आणि सावली नाही! मग सगळ्यांनी स्वतःच्या सावलीवर उड्या मारायच्या, टोप्या घालून, आणि दहा मिनिटांत घरात. वर सूर्याकडे बघायचं नाही, हे आधीच बजावा. खाऊ अर्थात पन्हं. नोकरीमुळे नेमका दिवस जमला नाही तर एक दिवस आधी-नंतर करा. फूटभर उंच डब्याची सावली तेव्हाही जेमतेम मिलिमीटरभर पडते.

पोळ्याबद्दल थोडक्यात. शहरात बैल दिसत नाही म्हणून आपण हा सण सोडून देतो, पण मातीचा बैल करता येतोच. विदर्भातल्या ऐकणाऱ्यांना सांगायला नको, तुमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा मिळवतात. हे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी उचलायला काहीच हरकत नाही. शेजारच्या चार घरांना फक्त आधी सांगून ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर हातात काहीतरी असेल.

आणि भोंडल्यातली खिरापत! डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. हा खेळ नवरात्रापुरता का ठेवायचा? आमच्याकडे तो कुठल्याही छोट्या सणाला लागतो. एकच सूचना: डब्यात काय भरायचं ते मुलाला ठरवू द्या आणि ओळखायला आजोबांना बसवा. माझ्या पुतण्याने गेल्या वेळी डब्यात एकच शेंगदाणा ठेवला होता. आजोबा चकलीपासून बेसनाच्या लाडवापर्यंत सगळं म्हणून दमले.

नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला पक्षी सप्ताह असतो, 12 ला डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. त्यावर पुढचा भाग करतेय. तोवर मुलांबरोबर गॅलरीत पंधरा मिनिटं बसून पक्षी मोजा आणि आकडा मला कळवा. कबुतरं वेगळी मोजा, नाहीतर बाकीचे त्यात हरवतात.